सरांच्या पोटामागचं बेट

पंचफुलाबाई कुणावर चिडायची नाही. चिडायला समोरचा माणूस थोडा तरी तोलाचा लागतो, अन् लातूरच्या ट्यूशन एरियात इतकी वर्षं मेस चालवून तिला तसा एकबी भेटला नव्हता.

पोरं डॉक्टर व्हायला आलेली, पण भाजीतला लसूण दिसला की तोंड वाकडं. त्यांच्या आया दारात उभ्या राहून सांगणार, "आमच्या पिंट्याला गरम दूध लागतं हं," अन् पिंट्याला मिशा फुटलेल्या. सर लोकांचं तर विचारूच नका. चौकाचौकात होर्डिंगवर हाताची घडी घालून उभे, जसं काय सगळी पोरं ह्यांनीच पोटात वाढवली.

त्यातले विरूपाक्ष सर म्हणजे कहर. फिजिक्सवाले. दर जूनमध्ये मेसमेसला कॅलेंडर वाटायचे, मागं निसर्ग अन् पुढं स्वतः. मागच्या कॅलेंडरवर निळंशार पाणी होतं, पांढरी वाळू होती, नारळाची वाकलेली झाडं होती, कडेला पाण्यावर लाकडी घरं होती, खाली लिहिलेलं, 'अंदमान बेट : यशाचा नवा किनारा'. अन् मधोमध कोट घातलेले सर. पोट एवढं, की अर्धं बेट त्याच्यामागं गायब. वर्षभर कणीक मळताना पंचफुलाबाईच्या डोळ्यासमोर तेच. मान इकडं करा तर सर, तिकडं करा तर सर.

एकदा ती इकराला म्हणाली, "इकरे, ह्येच्या पोटामागं काय आसंल गं?"

इकरा नायगावची. बाप तिकडं कपडे शिवायचा, ही इथं दुसऱ्यांदा डॉक्टरकीची परीक्षा द्यायला बसलेली, वरच्या मजल्यावर मुलींच्या खोल्यांत राहायची. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "जाऊनच बघा ना मावशी."

पोरगी मस्करी करून मोकळी झाली. पंचफुलाबाईच्या डोक्यातून मात्र ते जाईना.

कारण तिला एकच गोष्ट पाहिजे होती, लई वर्षांपासून. जिथं तिचं नाव पोचलं नाही अशा जागी जाऊन बसायचं. नाव म्हणजे पंचफुला नाही, ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. नाव म्हणजे 'भूकंपवाली'. किल्लारीच्या बाजूचं तिचं सासर. त्र्याण्णव साली नवरा, सासू अन् पाळण्यातली लेक दगडामातीच्या माळवदाखाली गेली, ही उकाड्यानं अंगणात आडवी झाली होती म्हणून राहिली. पुनर्वसनातल्या घरात दीर सुदाम घुसला, ही लातूरला येऊन चपात्या लाटायला लागली. तेव्हापासून भूकंपवालीची मेस, भूकंपवालीचं वरण. 'बिचारी' म्हणायचं अन् लगेच एक चपाती जास्त मागायची, अशी इथल्या लोकांची दया. तिला त्या दयेचा वास यायचा, शिळ्या भातासारखा.

मग ते दोन हजार सोळाचं साल आलं. लातूरला पाणीच नाही. पाणी रेल्वेनं येत होतं, लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते, क्लासवाल्यांनी सुट्ट्या दिल्या, पोरं गावाकडं गेली. मेस बंद. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पंचफुलाबाईच्या हाताला काम नव्हतं. इकरा परीक्षेपुरती थांबली होती, तिनं मोबाईलवर तिकिटं काढून दिली. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढं जहाज.

पंचफुलाबाई घरमालकाला सांगायला गेली. "मालक, मी बेटावर चाल्ले. जूनपातुर येते. मेसच्या खोल्यांकडं ध्यान ठिवा."

आता हा घरमालक ईश्वरप्पा, निलंग्याच्याही खालच्या अंगाचा, घरात सगळी कानडी. कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर. अन् डोंगर म्हटला की ह्याच्या डोक्यात वर देव बसलेलाच. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"बेट्टक्के? एकटी?"

"एकटी."

"वा वा! लई पुण्याचं काम. मला बी जायचं होतं बघ, पण ह्यो गुडघा."

तिला कळलं काय घोटाळा झाला ते. पण माणूस आपल्या पायानं येडा होत असला तर आडवं कशाला पडा? तिनं गुडघ्याची चौकशी केली.

अन् मग गल्लीचा नूर बदलला. कालपर्यंत ही बसस्टँडला जरी निघाली तरी 'एकटीच कुठं?' म्हणून खिडक्या उघडायच्या. आता त्याच बाया नारळ घेऊन दारात. 'माझ्या पोराच्या ॲडमिशनचं देवाला सांग.' 'माझ्या कंबरेचं सांग.' रोज दोन-चार नारळ. पंचफुलाबाई पिशवीत टाकत गेली अन् मनात म्हणत गेली, घ्या, भरा.

निघायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. सुदामबी गावाकडनं आला होता, नवं धोतर नेसून.

"वहिनी, मी येतो संगं. बाईमाणूस एकटं..."

"भावजी, तुम्ही घर सांभाळा. माझंच हाय ते."

लोक हसले. तेवढ्यात ईश्वरप्पाची बायको महानंदा पुढं आली, अन् तिनं विभूतीची तीन बोटं पंचफुलाबाईच्या कपाळावर ओढली.

झालं. भूकंपापासून त्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. हळदी-कुंकवाला ह्याच महानंदाच्या घरी ती मागच्या दारानं ताटं पोचवायची, आत कुणी बोलवायचं नाही. तिचे डोळे भरून आले, अन् डोळे भरले म्हणून तिला स्वतःचीच चीड आली, अन् मग सगळ्यांची. म्हणजे देवाकडं निघाली तर माणूस, नाहीतर अपशकुन!

नेमकं तेव्हाच ईश्वरप्पानं विचारलं, "बेट्टाला पायऱ्या किती हायत गं?"

"पायऱ्या कशाच्या? चारी बाजूंनी पाणी हाय."

"पाणी? मग बेट्ट कुठाय?"

"पाण्यातच की. मराठीतलं बेट, मालक. समुद्रातलं. अंदमान. देवबिव कुणी न्हाई तिथं. मी फिरायला चाल्ले."

सगळे एकदम बोलायला लागले.

"फिरायला? ह्या वयात?"

"काळं पाणी हाय ते! खुनी लोकांला धाडायचे तिथं!"

"गावाला प्यायला पाणी न्हाई, अन् ही पाणी बघायला चालली!"

"त्या नायगावच्या पोरीनं फूस लावली," सुदाम म्हणाला. ते ऐकून इकरा वरच्या गॅलरीतून ओरडली, "चाचा, तुम्हाला बी तिकीट काढून देऊ का? जायचं फक्त!"

एका बाईनं पिशवीत हात घातला. "माझा नारळ दे."

"अगं थांब," महानंदा किंचाळली, "देवाच्या नावानं काढलेला नारळ परत घरात घेत्यात का?"

बाईनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. सगळ्यांची गोची झाली. नारळ घरात घेता येईनात, अन् हिच्यासंगं जाऊबी देववेनात. पंचफुलाबाईनं त्या तोंडांकडं एकेक करून बघितलं. एवढी माणसं, अन् सगळी नारळाला अडकलेली.

"मग नेते मी," ती म्हणाली अन् पिशवी उचलली.

ईश्वरप्पा लालबुंद झाला होता. अख्ख्या गल्लीला त्यानं मोठेपणानं सांगितलेलं ना, माझी भाडेकरीण बेट्टाला चालली! "गेलीस तर मेसला माझं कुलूप पडंल. सांगून ठिवतो."

मेस गेली तर सुदामच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच उरत होतं. अन् 'बिचारी' ऐकत मरायचं. पण तिनं चपला घातल्या.

जहाजात ती ओकली. पलीकडच्या बाया ओकल्या, त्यांच्यावर ही ओकली. पोर्ट ब्लेअरला उतरली तेव्हा जमीन हलत होती, अन् आयुष्यात पहिल्यांदा जमीन हलली म्हणून तिला हसू आलं.

लॉजवालीनं विचारलं, "किधर से आया?"

"लातूर."

"वो किधर है?"

पंचफुलाबाईला त्या बाईचा मुका घ्यावासा वाटला.

"क्या काम करता?"

"खाना पकाती."

"अच्छा," म्हणाली बाई, अन् चावी दिली. बस. कुणी चुकचुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मेसच्या भिंतीवरनं काढून आणलेलं कॅलेंडरचं पान होडीवाल्याला दाखवलं. ह्याच्या पोटामागं काय आहे ते बघायचंय म्हणाली. होडीवाल्यानं पान लांब धरलं, जवळ धरलं. "अम्मा, ये अपने इधर का नहीं है. ये घर तो देखो, पानी के ऊपर लकडी का. बाहर का कोई देश है."

म्हणजे बेटबी खोटं! नेटवरून कुठलं तरी उचललेलं अन् वर स्वतःला चिकटवलेलं. पोरांच्या दोन पिढ्या ह्या माणसाकडून खरं-खोटं शिकल्या. तिला एवढं हसू आलं, की होडीवाला घाबरला.

मग ती खऱ्या वाळूवर बसली. समोर पाणी, एवढं की डोळ्यात मावेना, अन् कुणी रांगेत नाही, कुणी घागर आपटत नाही. तिनं लातूरचा पहिला नारळ दगडावर फोडला. एक मच्छीवाली कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मागं शेकडो नारळाची झाडं.

"नारियल इधर लेके आया तुम?"

"हौ. उनके घर में जगा नहीं थी."

असे रोज. ॲडमिशनचा खाल्ला, कंबरेचा खाल्ला. शेवटचा महानंदाचा. तो खाताना ती लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात बसली होती, आणि विभूती कधीच धुवून गेली होती.

जूनमध्ये ती परतली, तर मेसला खरंच कुलूप. नवीन बॅचची पोरं आलेली, जिन्यावर ताटं मांडीवर घेऊन बसलेली. ईश्वरप्पा गॅलरीत.

"देवाची माफी माग, मग किल्ली देतो."

"कोणत्या देवाची? बेट्टावरच्या? त्यो तुमच्या कानातला हाय, मालक."

महानंदानं हळूच विचारलं, "अन् माझा नारळ?"

"खाल्ला की. तुमच्या नावानं. गोड होता."

दार काही उघडेना. मग पंचफुलाबाईनं फार काही केलं नाही. रस्त्यावर तीन विटा मांडल्या, इकराकडून तवा घेतला, परात कुणाची तरी मागितली अन् चूल पेटवली. घराबाहेर चूल मांडायची तिला सवय होती, भूकंपाच्या वर्षी सहा महिने तशीच पेटवली होती. पोरं रस्त्यावरच पंगत करून बसली.

पण हे लातूर आहे. इथं बिल्डिंगमधली माणसं भांडी घेऊन रस्त्यावर दिसली की लोक एकच गोष्ट समजतात. पहिला मोटारसायकलवाला थांबला. "काय झालं? हादरा बसला का?"

"मालकाला विचारा," पंचफुलाबाई चपाती उलटत म्हणाली.

दुसरा थांबला, तिसरा थांबला. कुणीतरी भिंतीकडं बोट दाखवलं, कुणीतरी फोटो काढला. चपात्या शेकेस्तोवर अख्ख्या ट्यूशन एरियात झालं, की ईश्वरप्पाच्या बिल्डिंगला तडा गेलाय. वरच्या मुलींच्या बापांचे फोन सुरू झाले. पिंट्याची आई तर रडत रिक्षातून उतरली, "माझ्या पिंट्याला आधी बाहेर काढा!" पिंट्या तिसरी चपाती खात होता.

ईश्वरप्पा गुडघा विसरून जिना उतरला. "काय बी न्हाई झालं! बिल्डिंग पक्की हाय! घ्या घ्या, आत घ्या चूल!" घाईघाईत त्यानं उलटीच किल्ली घातली, ती कुलपात जाईना.

"सावकाश, मालक," पंचफुलाबाई म्हणाली. "मी हाय की. मला सवय हाय."

आत धूळ झाली होती. तिनं ओटा धुतला, परात मांडली. तोवर विरूपाक्ष सरांचा माणूस नवीन कॅलेंडर देऊन गेला, ते इकरानं जुन्या खिळ्याला लावलं. ह्या वर्षी मागं बर्फाचा डोंगर होता, पुढं तोच कोट.

ईश्वरप्पा दारातून आत येत नव्हता, जातबी नव्हता. त्यानं कॅलेंडरकडं बोट केलं. "ह्ये बघ. ह्येला म्हणत्यात बेट्ट."

पंचफुलाबाईनं कणकेतले हात न काढता मान तिरकी करून बघितलं. शिखर सरांच्या डोक्यामागं झाकलेलं.

"ह्यो माणूस," ती इकराला म्हणाली, "कुटं बी आडवाच उभा ऱ्हातो."