बाबांना उठवतं कोण?

दोरीकाकांचा आवाज काढायचा असेल तर आधी नाकात थोडी सर्दी आणावी लागते. मग हनुवटी छातीकडे न्यायची आणि प्रत्येक वाक्याला शेवटी 'मालक' लावायचं. "सरका थोडं, मालक." "दोरीला हात नको, मालक." नाटकाच्या नायकापासून झाडूवाल्या मावशींच्या मांजरापर्यंत सगळे त्यांचे मालक.

काका आमच्या घरामागच्या नाट्यगृहात पडदा ओढायचे. एकतीस वर्षं तेच काम; दोन्ही मुठींनी दोरी खाली खेचली की पडदा पडायचा. दोरीने तळहात असे झाले होते, की चहाचा वाफाळता ग्लास ते थंड पाण्याच्या तांब्यासारखा धरायचे. कप्पी कुरकुरू नये म्हणून खिशात कायम मेणबत्तीचा तुकडा. आपला पडदा एकदाही उशिरा पडला नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे, आणि न विचारता सांगायचे.

त्यांची माझी ओळख झाली ती धाकट्या भावामुळे. त्याला आम्ही लिंबू म्हणतो, कारण कुठल्याही खेळात तो लिंबूटिंबूच. तेव्हा मी तेरा वर्षांची, तो सहाचा. लिंबूला मोठे आवाज सोसायचे नाहीत. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. मिक्सर लावायचा तर आई आधी त्याला गॅलरीत पाठवायची. फुगा नुसता दिसला तरी स्वारी दाराबाहेर. आणि बहीण मिळाली ती माझ्यासारखी! कुकर, मिक्सर, मोटारसायकल, सगळं तोंडाने हुबेहूब काढणारी. मी त्याच्या मागे उभी राहून शिट्टी काढायची आणि वर खिदळायची. आता त्याची लाज वाटते. पण शिट्टी झकास जमायची, हेही खरं.

आमचे बाबा सोमवार ते शनिवार शिंपी आणि रविवारी दुपारी नट. चार वर्षं एकाच नाटकात दुष्ट मॅनेजर. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ते छाती पुढे काढून म्हणायचे, "हिंमत असेल तर चालव!" समोरचा पिस्तूल रोखायचा, विंगेत कुणीतरी दोन फळ्या एकमेकींवर आपटायचं, ठो! बाबा कोसळायचे आणि त्याच क्षणी पडदा.

लिंबू दर रविवारी हट्ट करून यायचा आणि तिसऱ्या घंटेलाच रडत बाहेर पळायचा. आईने एक शक्कल काढली. मोठा आवाज यायच्या जरा आधी त्याच्या हातात बिस्कीट ठेवायचं, म्हणजे लक्ष तिकडे राहील. असं चार-पाच वेळा झालं आणि पोरगं बिस्किटालाच घाबरायला लागलं. शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाला बिस्किटं वाटली, तर हा दोन्ही कान दाबून बाकाखाली. बाईंनी आईला बोलावून घेतलं. "अहो, घरी बिस्किटावरून मारता का याला?" आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

अशाच एका रविवारी तो नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर डोळे पुसत बसला होता. मी शेजारी, वैतागून. मध्यंतरात दोरीकाका चहा घेऊन बाहेर आले.

"काय मालक, आतलं आवडलं नाही?"

"त्याला आवाज सहन होत नाहीत," मी म्हटलं.

"मग येता कशाला, मालक?"

लिंबू आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "बाबांना उठवतं कोण, ते बघायचंय."

"अरे येड्या, बाबा रोज घरीच असतात की!"

"हो, पण गोळी लागून पडतात ना? मी एकदा दारातून बघितलंय. ते पडले आणि पडदा आला. मग त्यांना उठवतं कोण?"

म्हणजे वर्षभर हा मुलगा, रविवारी मेलेले बाबा सोमवारी सकाळी मशीनवर कसे येऊन बसतात याचा छडा लावायला येत होता, आणि आम्ही त्याला बिस्किटं भरवत होतो. मला हसू फुटणार होतं. काका मात्र हसले नाहीत. गुडघा धरून खाली बसले.

"ते पडद्यामागचं काम, मालक. सांगून कळत नाही, बघावंच लागतं."

"पण ठो होतं."

"होतं. खोटं कशाला बोलू? चांगलं मोठं होतं. पण हा ठो राहतो कुठे, ठाऊक आहे का? उद्या शाळा सुटली की या."

दुसऱ्या दिवशी रिकामं नाट्यगृह मी पहिल्यांदा पाहिलं. खुर्च्यांवर धूळ, एकच दिवा, आणि आपण बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत येणारं. काकांनी एकेका आवाजाचं घर दाखवलं. विजेचा कडकडाट म्हणजे खिळ्याला टांगलेला लांब पत्रा. घंटा म्हणजे भिंतीवरचं काळं बटण. आणि ठो म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. लिंबूने त्या हातात घेतल्या, उघडल्या, अलगद मिटल्या. टप्. पुन्हा मिटल्या. टप्प्. त्या दिवशी निघेपर्यंत तो फळ्या सोडायला तयार नव्हता.

काकांनी नाटकातल्या अकरा आवाजांची क्रमाने यादी सांगितली, मी वहीत उतरवून घेतली. मग ते माझ्याकडे वळले.

"ताईसाहेब, तुम्ही तोंडाने आवाज काढता म्हणे?"

"हो!" मी फुशारले.

"मग मागून कशाला काढता? समोर बसून काढा की."

एवढंच. रागावून बोलले असते तर मी विसरले असते.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी नाटकाचा प्रयोग, फक्त आवाजांचा. किती मोठा ते लिंबू ठरवायचा. "आज ठो चमच्याएवढा." मग वाटीएवढा. महिन्याभरात आम्ही पातेल्यापर्यंत पोचलो. प्रत्येक आवाजाआधी काकांनी शिकवल्याप्रमाणे तीन बोटं, मग दोन, मग एक, आणि मगच आवाज. न सांगता काहीच वाजवायचं नाही. आईसुद्धा मिक्सरआधी बोटं दाखवायला लागली. एकदा पाहुण्यांना दाखवली, तर ते बिचारे तीन चमचे साखर कशाला म्हणून संकोचले.

एक आवाज मात्र यादीत बसेना. "आणि टाळ्या?" लिंबूने काकांना विचारलं.

"टाळ्यांचा भरवसा नाही, मालक. कधी येतील, किती येतील, कुणाच्या हातात नसतं. मलाही धास्ती वाटायची. म्हणून तर पडद्याआडची नोकरी धरली. मखमलीतून आल्या की मऊ होतात."

"खरंच?" मी विचारलं.

"अर्धं," काका म्हणाले.

आणि मग बाबांनी जेवताना सांगितलं, की पुढच्या रविवारी नाटकाचा शेवटचा प्रयोग. मंडळी पांगणार होती. काकांचीही त्याच दिवशी निवृत्ती होती. लिंबूने घास तसाच ठेवला. आता बघितलं नाही तर कधीच नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

काकांनी त्याला विंगेत, दोरीशेजारी स्टुलावर बसवलं. मी मागे उभी. आमच्या घराखाली फरशी कापणाऱ्या दादांकडून आणलेले कान झाकायचे कप लिंबूच्या गळ्यात. "मागचं दार उघडं आहे, मालक. जायचं तर जा, यायचं तर या. कुणी विचारणार नाही." लिंबू पत्र्याच्या वेळी एकदा गेला, पायरीपर्यंत. आपला आपण परत आला. बाकी प्रत्येक आवाजाला काकांची बोटं, आणि लिंबूचे कप वेळेवर कानांवर.

तिसरा अंक. काकांनी दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरली, कारण ठो आणि पडदा एकदमच. बाबांनी छाती पुढे काढली. "हिंमत असेल तर..." लिंबू काकांच्या हातांकडे बघत होता. बोटं नव्हती. त्याचा एक पाय स्टुलाखाली उतरला.

काकांनी ते पाहिलं आणि दोरी सोडली. तीन. दोन. एक.

ठो!

लिंबू जागचा हलला नाही. कप दाबून, डोळे टक्क उघडे. काका त्याच्याकडे बघत राहिले, एक बोट तसंच हवेत, तोंडभर हसू. आणि रंगमंचावर भगभगीत उजेडात बाबा मरून पडलेले, पडदा सताड उघडा. कुणीतरी खोकलं. मारणाऱ्याला काय करावं सुचेना, त्याने पिस्तुलाच्या नळीवर फुंकर मारली. मेलेल्या बाबांच्या बंद दातांतून आवाज आला, "काका... फडदा." मग जरा चढून, "अहो, फडदा!" पहिल्या रांगेत खसखस पिकली.

"दोरीकाका, दोरी!" लिंबू ओरडला. शेवटच्या रांगेपर्यंत गेला तो आवाज. त्याच्या जन्मातला सगळ्यात मोठा.

पडदा धाडकन पडला. बाबा कोपरावर उठले, गुडघे झटकले. "अहो काका, एकतीस वर्षांत..." आणि स्टुलावरच्या लिंबूला बघून तिथेच थांबले.

"कुणीच नाही उठवलं?" लिंबू म्हणाला. जरा हिरमुसलाच होता. "तुम्ही आपले आपणच उठता?"

"हो रे," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळत होता.

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या होत्या, मऊ, मखमलीतून. काकांनी लिंबूकडे बघितलं. लिंबूने कप कानांवर नीट बसवले आणि त्यांना तीन बोटं दाखवली. दोन. एक. काकांनी पडदा उघडला. लिंबू थांबला, शेवटच्या टाळीपर्यंत.

त्या रविवारला चार वर्षं झाली. नाट्यगृहात आता पडद्याला मोटर आहे, तिचा 'घूंऽऽऽ' मी पहिल्याच दिवशी उचलला. लिंबू दहा वर्षांचा आहे आणि कप दप्तरात ठेवून कुठेही येतो, शाळेच्या बँडलासुद्धा.

गेल्या महिन्यात आम्ही काकांकडे गेलो. त्यांची दृष्टी गेल्यासारखीच आहे. खाटेवर बसलेले, हात मांडीवर. "काढा, ताईसाहेब," म्हणाले. मी समोर बसून अख्खं नाटक काढलं, अकरा आवाज क्रमाने, मध्ये बाबांची वाक्यं. लिंबू त्यांच्या तळहातावर बोटांनी मोजत होता. "हिंमत असेल तर चालव!" तीन, दोन, एक. मी ठो काढला, पातेल्याएवढा.

काकांच्या दोन्ही मुठी वळल्या आणि खाली आल्या. वेळेवर.