कुणाच्या घरचा फोड

नात प्रयोगशाळेत कामाला आहे. तिच्या कॉम्प्युटरवर रंगीत अक्षरांच्या ओळीच ओळी. म्हणाली, "आज्जी, हा तुझ्या ओठावरच्या फोडातला विषाणू. प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो." मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं.

लग्नानंतर माझ्या ओठावर फोड आले, तशी सासू बायकांत म्हणाली, "माहेरची घाण." नणंदेनं री ओढली. माझी कपबशी मोरीत वेगळी गेली. नवऱ्याच्या ओठावरही फोड यायचे. त्याला म्हणायचे उष्णता. आणि त्याच्याच उष्ट्या ताटात मी जेवायचं, ही रीत सासूचीच. मी जेवले.

आता नातीनं माझ्या बहिणीचा फोड तपासला, नणंदेचाही. बहिणीच्या ओळी वेगळ्या निघाल्या, नणंदेच्या आणि माझ्या जवळजवळ सारख्या.

"कुणी कुणाला दिला ते यात कळत नाही हं," नात म्हणाली.

"मला तर लहानपणापासून येतात," शेजारी बसलेली नणंद बोलून गेली.

एवढ्याशा विषाणूचं कुळ बघायला एवढं मोठं मशीन लागलं. सुनेचं कुळ मात्र नुसत्या तोंडाकडे बघून ठरवलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, आई गेली. सोडा की आता."

मी म्हटलं, "तुम्ही आहात ना, वन्सं. ज्या बायकांत माझ्या माहेराला नावं ठेवलीत, त्यातल्या जिवंत असतील त्यांना बोलवा. लहानपणापासून येतात असं जे आत्ता बोललात, ते त्यांच्यासमोर बोला."

ती पदर चाळवत बसली. मी समोरून हलले नाही.