जुन्या नकाशातला पूल

जेसीबी बी विंगच्या मागे येऊन उभा होता आणि सेक्रेटरी सावंत काका मला विचारत होते, "मॅडम, खणू देऊ ना?"

भाईंदर पश्चिमेची जुनी सोसायटी. जमिनीखाली पाण्याची नवी टाकी बांधायची होती. मी सर्व्हेअर. काकांचं घर बी विंगच्या तळमजल्यावर, बेडरूमची भिंत खणायच्या जागेला अगदी लागून.

आर्किटेक्टने हौसेने एक काम केलं होतं. गेल्या शतकाच्या मध्यातली टोपोशीट, म्हणजे गावं, खाडी, मिठागरं, टेकड्या दाखवणारा नकाशा, त्याने आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवला होता. त्यात खाडीचा बुजलेला फाटा सोसायटीच्या गेटखालून जात होता. तिथली माती भुसभुशीत. खोल खणलं तर शेजारच्या इमारतीच्या पायाखालून सरकते. म्हणून टाकी मागे.

असा नकाशा दिसला की मला राहवत नाही. आधी माझं घर शोधलं. तिथे मिठागर निघालं, गंमत वाटली. मग खाडीवरच्या रेल्वे पुलाजवळचे रूळ बघितले, बरोबर जुळत होते. पण नकाशातलं गावचं जुनं चर्च चक्क आजच्या रस्त्याच्या मधोमध आलेलं. हे काय भलतंच?

जुना नकाशा बसवायचा तर तेव्हापासून न हललेल्या जागा धरून तो टाचावा लागतो.

"टाचलात कुठे?" मी आर्किटेक्टला विचारलं.

"रेल्वे ब्रिज पे. उससे पक्का क्या होगा?"

"आत्ता गाड्या जातात तो? अहो, तो नंतरचा. नकाशातला पूल त्याच्या शेजारचा, जुना."

"थोडा इधर-उधर, क्या फर्क पडता है?"

"काकांच्या बेडरूमला पडतो," मी म्हटलं. माझं डोकंच फिरलं होतं.

चर्च आणि गावातली जुनी वळणं धरून नकाशा पुन्हा बसवला. फाटा सरकून बी विंगच्या मागे आला. तरी मी छातीठोकपणे सांगणार नव्हते. नकाशावरची निळी रेघ जमिनीवर इमारतीएवढी रुंद होते. म्हटलं, दोन्हीकडे छोटा खड्डा घेऊन बघू, मागचा जरा भिंतीपासून लांब. जेसीबीवाला कुरकुरला.

गेटपाशी घट्ट मुरूम लागला. मागे भरावाखाली काळा चिखल, खाडीचा वास, आणि बघता बघता खड्ड्याची कड ढासळली.

काका दोन पावलं मागे सरकले. "म्हणजे इतकी वर्षं मी खाडीत झोपतोय?"

"झोपा बिनधास्त. फक्त शेजारी कुणाला खणू देऊ नका."

टाकी गेटपाशी झाली. त्यात काकांच्याच गाडीचं पार्किंग गेलं. त्यांनी स्वतःच गाडी काढून जागा मोकळी करून दिली. मी मात्र एक शिकले. नकाशा कितीही छान जुळो, खणून बघितल्याशिवाय सही करायची नाही.