अबोली साडीची घडी

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवत आलेय. माझी मावसबहीण रस्त्यातलं लिंबू चुकवून चालायची, तर मी मुद्दाम त्यावरून उडी मारायचे. तेव्हा हे वाचून तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही, हसा बापडे. फक्त अर्ध्यावर सोडू नका.

आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, नवघरमध्ये. जुन्या गावाची बैठी घरं संपतात आणि बिल्डिंगी सुरू होतात ना, तिथे. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आमचा तिसरा मजला. समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक हंसाबेनचं. घरात मी आणि माझा नवरा सुहास, बस. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी करी रोडला सासरच्या एका खोलीत काढली, दीर-जावांसकट. तिथे माझ्या वाट्याला कपाट नव्हतं, कपाटातला एक खण होता. म्हणून इथे आल्यावर पहिली खरेदी कसली केली असेल, तर लोखंडी कपाटाची. अख्खं कपाट, फक्त माझं! सुहासचे शर्ट आजही दाराच्या मागच्या खुंटीवर असतात, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही वाईट वाटत नाही.

सकाळी मी आधी निघते. दहिसरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. सुहास माझ्यानंतर निघतो. जिना उतरता उतरता माझं एक वाक्य ठरलेलं – "जाताना दार ओढून घे रे." इतकी वर्षं रोज तेच वाक्य. सुहास म्हणतो, मी मेल्यावरही तू हेच सांगशील.

गेल्या वर्षी भरदुपारी आमच्याकडे चोरी झाली. संध्याकाळी मी जिना चढून आले तर कुलूप कापून कडीला लोंबत होतं. पण दार मात्र नीट, घट्ट ओढून घेतलेलं. तेव्हाही मनात आलं, चोराला कसला आलाय एवढा शिस्तीचा पुळका!

आत शिरले. माझं कपाट उघडं, लॉकर उचकटलेला. साड्या, ब्लाउज, परकर, आतले कपडे... सगळं जमिनीवर. पाटल्या गेल्या, मुलीसाठी ठेवलेली चेन गेली. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात, पलंगाच्या मधोमध, माझी अबोली रंगाची नारायणपेठ. नीट घडी घालून ठेवलेली.

ती घडी माझी नव्हती. मी साडी लांब ठेवते आणि काठ बाहेर, म्हणजे खणात हात घातला की कळतं कुठली ते. ही घडी छोटी, चौकोनी. काठ आत. आणि शेवटचं टोक मध्ये असं खोचलेलं, जशी विड्याला लवंग टोचतात.

पोलिसांना दाखवली. ते म्हणाले, "मॅडम, टेन्शनमध्ये तुम्हीच घातली असेल. होतं असं." सुहासही म्हणाला, होतं असं.

लोक भेटायला येत होते. जीव वाचला ना, मग सोनं काय, परत होईल, असं म्हणत होते. खरंय. सोन्याचं दुःख मलाही महिन्याभरात पचलं. पण कुणीतरी माझ्या परकरांच्या खणात हात घातला, ते काही केल्या जाईना. घरातला एकेक कपडा मी धुतला, कोरे ब्लाउजपीससुद्धा. फरशी फिनाइलने इतक्यांदा पुसली की घराला हॉस्पिटलचा वास यायला लागला. स्वतःच्या घरात आंघोळीला जाताना मी बाथरूमची कडी तीन-तीनदा तपासायचे. जिन्यात कुणी अनोळखी दिसला की तो जाईपर्यंत मी दार उघडायचे नाही. मला भीती वाटत होती हो, साधी सरळ भीती. आणि त्या भीतीचा मला संताप येत होता. माझं घर मला परत हवं होतं. पाटल्या गेल्या खड्ड्यात.

नवीन सेफ्टी डोअर बसवलं, लॅचचं. चाव्या दोनच, एक माझ्याकडे, एक सुहासकडे. कपाटाची चावी मी मंगळसूत्रातच अडकवली. सुहास म्हणाला, "आता कपाटाशीच लग्न लाव." त्यावर आम्ही दोघंही हसलो होतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी कपाट उघडलं. मधल्या खणात माझ्या लांब घड्यांच्या रांगेत एक छोटी चौकोनी घडी. मुलीच्या बारशाची हिरवी साडी. टोक मध्ये खोचलेलं.

मी अशी किंचाळले की हंसाबेन हातातलं लाटणं घेऊन धावत आल्या. "फिर से चोरी हुआ क्या?" त्यांनी विचारलं. काय सांगू त्यांना? चोरी नाही झाली, एका साडीची घडी बदललीय?

मग ते सुरूच झालं. रोज नाही, पण आठवड्यातून एखादी तरी साडी. कपाटाला कुलूप, चावी माझ्या गळ्यात. मी सुहासवर संशय घेतला, हेही सांगते. "माझी गंमत करतोयस का? करत असशील तर बस झालं आता." तो बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, "मला लुंगीची घडी घालता येत नाही, साडीची कुठून घालू?" तेही खरंच होतं. मग हळूच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच घालत असशील का गं? मनावर परिणाम होतो माणसाच्या. एकदा डॉक्टरांना विचारूया." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर हे घर विकून टाकू. मीरा रोडला सिल्व्हर पार्कात बघू भाड्याने."

विकून टाकू म्हणे! माझं घर! त्या रात्री मी जेवले नाही.

आमच्या घराला काही पूर्वीचा इतिहास असेल का, तेही विचारून झालं. आम्हीच पहिले मालक. खाली भाजी विकायला बसते ती म्हातारी इथल्या गावातलीच, तिला विचारलं. ती म्हणाली, "न्हाय गो बाय, इथं काय बी न्हाय. भाताचं शेत व्हतं निस्तं."

शेवटी मी रजा टाकली. ठरवलं, दिवसभर कपाटासमोर बसायचं, बघतेच कोण येतंय. सुहास गेल्यावर दाराला आतून कडी घातली, कपाटाला कुलूप लावलं, चावी मुठीत धरली आणि पलंगावर मांडी ठोकून बसले. लख्ख ऊन होतं खोलीत. उकडत होतं म्हणून ओढणी काढून बाजूला टाकली. खाली भंगारवाला ओरडत गेला, हंसाबेनच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मुलीशी फोनवर बोलले. डोळा लागला नाही, अगदी देवाशपथ सांगते. सबंध दुपारभर त्या कपाटाकडे बघत बसले आणि काही म्हणता काही झालं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. सुहास. दार उघडून मी त्याला हात धरून आत आणलं आणि त्याच्यासमोर कपाट उघडलं. सगळ्या घड्या माझ्याच! लांब, काठ बाहेर! मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क रडले. म्हटलं, "चल, माझ्या डोक्यातच होतं सगळं. जाऊ आपण डॉक्टरकडे, पण घर विकायचं नाही." तोही हसला. बसायला म्हणून पलंगाकडे वळला... आणि तसाच थांबला.

"ही तू घातलीस?"

मी टाकलेली ओढणी. मी जिथे बसले होते, तिथून हातभर अंतरावर. छोटी, चौकोनी, टोक मध्ये खोचलेलं. चुरगळलेली ओढणी होती ती, आणि आता तिच्यावर एक सुरकुती नव्हती.

सुहास तिला हातच लावेना. मग मीच उलगडली आणि परत तशी घालायला गेले. जमेना. टोक खोचलं की दुसरी बाजू सुटायची. मी पाच-सहा वेळा केलं. पुढच्या आठवड्यात कपाटात पुन्हा तसली घडी आली, तेव्हा हंसाबेनना बोलावलं. त्यांच्या घरचं भाईंदर पश्चिमेला साडीचं दुकान, जन्म गेलाय त्यांचा घड्या घालण्यात. ती साडी घडीसकट त्यांना दाखवली. त्यांनी दोनदा उलगडली, दोनदा घातली, दोन्ही वेळा सुटली. "ये मेरे से नहीं होता," असं म्हणून त्या पटकन निघून गेल्या. त्यानंतर त्या आमच्या बेडरूममध्ये कधी आलेल्या नाहीत.

एक मात्र झालं. तेव्हापासून सुहासने डॉक्टरचा विषय काढला नाही. माझ्यावर कुणाचा तरी विश्वास बसला, याचं मला त्याही भीतीत बरं वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही.

काही महिन्यांनी पोलिसांचा फोन आला. दुसऱ्या एका घरफोडीत चोर सापडला होता, त्याच्याकडे आमचीही एक पाटली मिळाली होती. ओळखायला या. आम्ही दोघं गेलो. पाटली माझीच होती, आतल्या बाजूला चेपलेली. सही-शिक्के चालले होते आणि तो भिंतीला टेकून खाली बसला होता. माझ्याच वयाचा असेल, केस पिकलेले. मनात आलं होतं की समोर आला की दोन थोबाडीत देईन. पण त्याने मान वर केली, मला बघितलं आणि तोच मागे सरकला.

"साहेब, ये मॅडम तो घर पे ही थी."

हवालदार म्हणाले, "काय बोलतो रे?"

"मैं अंदर गया तब पलंग पे बैठी थी. साडी की घडी कर रही थी. मैं भागने वाला था, पर इन्होंने ऊपर देखा ही नहीं. कपाट खोला, तोडा, तब भी नहीं देखा. जो मिला वो लेके निकला साहेब."

हवालदार हसायला लागले. "नाटकं करतो साला. मॅडम, लक्ष देऊ नका."

मी पुढे होऊन विचारलं, "कुछ बोली वो?"

तो माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघत म्हणाला, "आप ही तो बोली थी. जाते टाइम. दार ओढून घे रे."

हे चार शब्द त्याने मराठीत म्हटले. मी जिन्यातून म्हणते तसेच, शेवटच्या शब्दावर तसाच हेल काढून.

रिक्षात सुहासच्या हातात माझा हात होता, तो त्याने कधी सोडला मला कळलं नाही. नवघर आलं तेव्हा त्याने विचारलं, "त्या दिवशी तू ऑफिसला गेली होतीस ना?"

गेले होते. आमच्याकडे त्या दिवशी ऑडिट होतं, जेवायलाही उठले नव्हते. माझ्या शेजारी बसून ज्यांनी वह्या तपासल्या त्यांना विचारा. सुहासनेही विचारलं, माझ्या नकळत. मला नंतर कळलं. मी त्याच्यावर रागावले नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

तेव्हापासून मी फार विचार केलाय. तो चोर मला बिल्डिंगच्या खाली आधी बघून गेला असेल, माझं ते वाक्य त्याने जिन्यात ऐकलं असेल. असेलही. पण मग ओढणी? आणि आणखी एक गोष्ट मला छळते. चोरी होण्याआधी मी माझं कपाट इतकं निरखून कधी बघितलंच नव्हतं. या घड्या चोरीनंतर सुरू झाल्या, की आधीपासूनच होत्या? आम्ही दोघं निघून गेल्यावर रोज दुपारी ती तिथेच बसत असेल? आणि जर ती मी असेन, तर मला तिची घडी का जमत नाही?

घर विकलेलं नाही. सुहास अजून अधूनमधून सिल्व्हर पार्कचा विषय काढतो, मी उडवून लावते. इतक्या वर्षांनी मिळालेलं घर मी चोरालाही सोडणार नाही आणि तिलाही नाही. पण खरं सांगते, भीती गेलेली नाही.

आता संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर आले की मी लगेच चावी लावत नाही. आधी स्वतःच्या बंद घराची बेल वाजवते आणि थोडा वेळ बाहेरच थांबते. परवा हंसाबेननी दार किलकिलं करून विचारलं, "अंदर तो कोई नहीं है ना? फिर बेल क्यों मारते हो?"

मी हसून वेळ मारून नेली. त्यांना काय सांगणार होते? दार उघडावं आणि पलंगावर मलाच मी बसलेली दिसावी, हे मला झेपायचं नाही. तिला हातातली साडी खाली ठेवायला वेळ मिळावा, म्हणून बेल वाजवते.