भाट्याच्या वाळूत उतरलेलं यान

आधी नाव सांगतो, मग काय झालं ते. इस्माईलचाचा. रत्नागिरीजवळ भाट्याला राहतात. पूर्वी मच्छीमारी बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीवरच्या सगळ्यांचे मुख्य. आता गुडघे दुखतात म्हणून किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांच्यामुळे माझी नोकरी राहिली आणि एका पिक्चरचं यान राहिलं.

शुक्रवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते. मी यानाच्या पोटाखाली आडवा होऊन लाइटच्या वायरी तपासत होतो. चाचा येऊन उभे राहिले. मला त्यांचे नुसते पाय दिसत होते.

"हे कधी उचलणार?" त्यांनी विचारलं.

"उचलायचं नाही, चाचा. संध्याकाळी इथंच शूटिंग आहे."

"संध्याकाळचं सोड. अकराला पाणी येईल, तवा काय करणार?"

मी बाहेर आलो. रात्रीची भरती येऊन गेली होती. तिची ओली रेघ वाळूवर दिसत होती, यानापासून चांगली आठ पावलं खाली. मी ती सकाळी सहालाच मोजली होती. दोनदा. मला सगळं दोनदा मोजायची सवय आहे, भीतीपोटी.

"इथंवर येत नाही पाणी. मी बघून ठेवलंय," मी म्हणालो.

"कधी बघितलंस?"

"मागच्या आठवड्यात. तीन दिवस."

चाचा हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

इथं थोडं माझ्याबद्दल सांगायला पाहिजे. मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सोडली आणि मामाच्या ओळखीनं मुंबईला सेटवर सुतारकामाला लागलो. फ्लॅट उभा करणं, म्हणजे प्लायवूडची खोटी भिंत उभी करणं, हे माझं पहिलं काम. बारा वर्षांनी मेधाताईंनी मला पहिल्यांदा सेट इन्चार्ज केलं. मेधाताई म्हणजे आमच्या आर्ट डायरेक्टर. पडद्यावर माणसं सोडून जे जे दिसतं, ते सगळं त्यांच्या डोक्यातून येतं आणि आमच्या हातातून बाहेर पडतं. समुद्र मी त्याआधी कामाच्या गाडीतून बघितला होता. त्याच्या काठावर काही बांधलं नव्हतं.

पिक्चर एका कादंबरीवर होता. नाव सांगत नाही, कारण पिक्चर अजून यायचाय आणि तसं लिहून घेतलंय आमच्याकडून. गोष्ट अशी की दुसऱ्या ग्रहावरची तीन माणसं एका कागदावर सही घ्यायला पृथ्वीवर येतात. यान कोकणातल्या एका पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर उतरतं. गावाला वाटतं, ही मोजणीखात्याची माणसं. मग पुढं दोनशे पानं त्यांना कुणी परत जाऊ देत नाही, कारण प्रत्येकाचं बांधाचं भांडण आहे. यान कसलं, तर पालथ्या घातलेल्या भगोण्यासारखं, तीन पायांवर उभं.

मेधाताईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं होतं. "आधी वाच, मग खिळा मार." मी अकरा दिवसांत वाचलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं ते माझं पहिलं पुस्तक. मला कुणी शिक्षण विचारू नये म्हणून मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

अशा पुस्तकाचं काम अवघड असतं. रत्नागिरीत आल्यापासून लोक पुस्तक हातात घेऊन सेट बघायला येत होते. एक निवृत्त मास्तर म्हणाले, भगोण्याला कान कुठं आहेत? एक बाई म्हणाल्या, माझ्या मनातलं यान जरा काळपट होतं, खालून करपलेलं. मी मेधाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रत्येक वाचकाच्या डोक्यात एक यान आहे, बालाजी. आपलं त्यांतल्या एकाशीही जुळणार नाही. पण मोडकं यान कुणालाच चालणार नाही, एवढं लक्षात ठेव." यान एकच होतं. लोखंडी सांगाडा, वर प्लाय, वर फायबर. पाऊण टन वजन. तीन महिन्यांचं काम.

तर चाचांनी मला वाळूवर बसवलं आणि बोटानं दोन रेघा काढल्या.

"तू आलास तवा अष्टमी होती. तो भांग. भांगाला पाणी आळशी, थोडं येतं, थोडं जातं. आज अमावास्या. हे उधाण. पाणी लांब जातं नि तेवढंच वर येतं. तुमच्या साहेबांनी आजचा दिवस का धरला?"

मला उत्तर माहीत होतं. कॅमेरामनला संध्याकाळी लांबच लांब ओली वाळू पाहिजे होती, तिच्यात यानाचं प्रतिबिंब पडावं म्हणून. त्यांनी ओहोटी बघून तारीख काढली होती. भरती बघायचं काम माझं होतं. मी मोबाइलवर बघितलीही होती. एका रकान्यात वेळ होती आणि दुसऱ्यात मीटरमध्ये काहीतरी आकडा. मी वेळा उतरून घेतल्या. आकडा कशाचा ते कुणाला विचारलं नाही. आठवी शिकलेल्या माणसानं प्रश्न विचारला की समोरचा आधी त्याच्याकडं बघतो आणि मग उत्तर देतो. ते बघणं मला नको असतं.

"पण रात्रीची भरती आठ पावलं खाली राहिली," मी म्हणालो. शेवटची आशा.

"या दिवसांत रात्रीचं पाणी लहान, दिवसाचं मोठं. वर वारा बघ कुठून येतोय." त्यांनी यानाच्या एका पायाला हात लावला, मग स्वतःच्या गुडघ्याला. "इथंवर येईल."

गुडघाभर पाणी म्हणजे नुसतं भिजणं नाही. लाटेनं पायाखालची वाळू निघून गेली की यान कलंडणार. कलंडलं की फायबर फुटणार, प्लाय फुगणार. संध्याकाळ गेली, पिक्चरचा सगळ्यात महत्त्वाचा सीन गेला, आणि मी परत खिळे मारायला.

यान ठेवायला आम्ही हायड्रा आणला होता. हायड्रा म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन. मी हायड्रावाल्याला फोन लावला. तो एका कंपनीच्या कामावर होता. "दोनच्या आत नाय जमणार, साहेब."

मग मेधाताईंना फोन लावला. त्या हॉटेलवर डायरेक्टरबरोबर होत्या.

"ताई, चूक माझी आहे. मी भरतीच्या वेळा बघितल्या, उंची बघितली नाही. अकराला पाणी यानापर्यंत येणार."

 "चुकीचं नंतर बोलू. आता काय लागतंय?"

"यान वर ओढायला लागेल. पाय दोन फूट वाळूत गाडलेत, वर वाळूच्या गोणी. उकरायला वेळ नाही. पाय कापावे लागतील."

"परत जोडता येतील?"

"वेल्डिंगनं, हो."

"मग मला काय विचारतोस? काप. मी इथलं सगळं निस्तरून येते."

फोन ठेवला तर चाचा वस्तीकडं चालायला लागले होते. शुक्रवार होता. त्यांच्या वस्तीत शुक्रवारी होड्या समुद्रात जात नाहीत. दुपारी जुम्याची नमाज असते, त्यामुळं पुरुष माणसं घरीच, जाळी दुरुस्त करत नाहीतर इंजिन उघडून बसलेली. दुसऱ्या कुठल्याही वारी त्या किनाऱ्यावर ओढायला चार माणसं मिळाली नसती.

मी जनरेटर चालू केला आणि ग्रायंडर घेतला. तिन्ही पाय मी स्वतः जोडले होते, मीच कापले. पोटाखाली आधी गोणी रचल्या होत्या, त्यामुळं पाय सुटले तसं यान त्यांच्यावर टेकलं. तोवर चाचा वीसेक माणसं घेऊन आले. खांद्यावर लाकडी ओंडके, जाडजूड दोर. पावसाळ्याआधी होड्या वर काढतात तेव्हाचं सामान. ओंडके वाळूवर आडवे टाकायचे, होडी त्यांच्यावरून सरकवायची, मागचा ओंडका मोकळा झाला की उचलून पुढं आणायचा.

यानाभोवती फिरून सगळ्यांनी ते बघितलं.

"नाळ कुठंय हिची?" एकानं विचारलं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.

"नाही नाळ. सगळीकडून गोलच," मी म्हणालो.

"मग वरून येताना दिशा कशी कळते यांना?"

चाचांनी मला गोष्ट विचारली. मी दोर बांधता बांधता चार वाक्यांत सांगितली. सगळे ऐकत होते.

"म्हणजे सही घ्यायला आले," चाचा म्हणाले, "नि गावातल्या कचेरीत गेले?"

"हो."

"मग तिथंच म्हातारे होतील बिचारे."

वीस माणसं हसली. मीही हसलो. दहा वाजायला आले होते आणि पाणी रात्रीच्या रेघेजवळ पोचलं होतं.

चाचा पुढं उभे राहून आरोळी द्यायचे, बाकीचे साथ देऊन एकदम हिसका मारायचे. यान हललं. पहिले वीस फूट बरे गेले. मग कोरडी, भुसभुशीत वाळू लागली आणि ओंडके रुतायला लागले. त्यांनी आणखी जोर लावला. आतून एक आवाज आला. कडक, छोटा. बाकी कुणाला तो ऐकू आला नसेल. प्लायचा सांधा सुटतानाचा आवाज मी झोपेतही ओळखतो.

"थांबा," मी ओरडलो. "ओढू नका."

एकजण चिडला. "पाणी मागं लागलंय नि हा थांबा म्हणतो."

"होडी सागवानाची असते, दादा. हिसका सोसते. हे प्लाय आहे. आणखी दोन हिसक्यांत खालची कड निघून तुमच्या हातात येईल."

पुढं काय करायचं ते मला सांगता आलं, कारण तो सांगाडा माझा होता. दोर कडेला नको, मधल्या लोखंडी तुळईला पाहिजे. मी दारातून आत सरपटत गेलो, तळाची फळी उचकटली, दोर तुळईला दुहेरी वळसा घालून बाहेर काढला. घामानं हात घसरत होते. बाहेर आलो तेव्हा पहिली लाट मागच्या ओंडक्याला लागून परत गेली होती.

"आणि हिसका नको, चाचा. हळू, पण सलग. सगळ्यांचा जोर एकसारखा राहिला पाहिजे."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ऐकवणार. चाळीस वर्षं होड्या ओढलेला माणूस. ते वळून म्हणाले, "ऐकलंत ना? कारागीर सांगतोय. आजारी माणसाला उचलतात तसं न्यायचं."

त्यांनी आरोळीच बदलली. आधीची तुटक होती, ही लांब होती, एका श्वासाची. तोवर आमच्या युनिटची माणसंही धावत आली. स्पॉटबॉय, ड्रायव्हर, मेकअपदादा, आणि त्यांच्या खुर्चीतून उठून आलेला एक नट, अर्धा चेहरा हिरवा रंगवलेला. त्यानं चाचांच्या शेजारी दोर धरला.

"हा तुमच्यातला," चाचांनी मला विचारलं, "की वरचा?"

"अर्धा अर्धा," नटच म्हणाला.

पावणेअकराच्या सुमाराला यान सुरूच्या झाडांखाली टेकलं. सगळे वाळूवर बसले. सव्वाअकराला यान होतं ती जागा पूर्ण पाण्याखाली गेली, आणि पाणी नंतरही वाढत गेलं. गोणी फुटल्या, कॅमेऱ्याच्या रुळांसाठी केलेली फळ्यांची वाट तरंगत गेली. कापलेल्या पायांचे तीन खुंट पाण्यात उभे होते. चाचांनी दाखवली होती तेवढीच खोली.

मेधाताई आल्या तेव्हा मी तिथंच बसलो होतो. त्यांनी यानाभोवती एक फेरी मारली, पोटावरचे ओरखडे बघितले. माझ्या शेजारी बसल्या.

"तुला तो आकडा कळला नव्हता?"

"नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वेल्डिंगमधलं काही कळत नाही. मी तुला रोज विचारते. तू माझ्याकडं कधी तसं बघितलंस?"

"नाही."

"मग उद्यापासून रोज एक प्रश्न. नाही सुचला तरी." आणि उठल्या. "पाय जोडायला घे."

दोनला हायड्रा आला. पाणी उतरलं तसं यान परत खाली नेलं, खुंट काढून पाय जोडले, ओरखड्यांवर रंग मारला. लाइटच्या कड्यातला एक तुकडा शेवटपर्यंत पेटला नाही. तो भाग कॅमेऱ्याला दिसणार नाही असा मागं फिरवला. साडेपाचला पाणी पार लांब गेलं आणि कॅमेरामनला हवी होती तशी ओली वाळू मिळाली. सीन झाला. मॉनिटरवर मी तो सगळ्यांच्या मागून बघितला. करपलेल्या यानवाल्या बाईही आल्या होत्या. त्या पुस्तक छातीशी धरून उभ्या राहिल्या.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच: कागदावर दोन रकाने असतील तर दोन्ही वाचावेत, आणि कळला नाही तो आधी विचारावा.

शूटिंग संपल्यावर प्रॉडक्शनचे सावंतसाहेब पाकीट घेऊन चाचांकडं गेले. मीही बरोबर होतो. चाचांनी पाकिटाला हात लावला नाही.

"होडीला हात लावायचे पैसे घेत नाय आम्ही. ज्याची होडी वर काढली, तो दुसऱ्याच्या होडीला येतो. इतकाच कायदा."

"पण ती काही याची होडी नाही," सावंतसाहेब म्हणाले. "आणि हा हिंगोलीचा."

"असू दे," चाचा म्हणाले. "दोर धरता येतो त्याला."

मे संपताना भाट्याच्या होड्या वर काढतात. यंदा तेव्हा मी हैदराबादला होतो, दुसऱ्या सेटवर. फोन केला तर चाचा म्हणाले, काम सोडून येऊ नको. मी गेलो नाही, आणि तो दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. पण एखाद्या मेमध्ये मी भाट्याला जाणार आहे, इस्माईलचाचांच्या वस्तीतल्या होड्यांचा दोर धरायला. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.