खर्जात अडकलेले लाडू

बॅरिटोन सॅक्सोफोनच्या कर्ण्यात दाण्याचे अकरा लाडू मावतात. बारावा मावत नाही, तो मी खाल्ला. ही माहिती संगीतावरच्या कुठल्याही ग्रंथात मिळणार नाही, आणि मी ती माझ्या पोटच्या पोरीच्या पहिल्यावहिल्या सोलोच्या दिवशी मिळवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

मी जॅझचा शौकीन आहे. शौकीन म्हणजे वाजवता काहीही येत नाही, पण मतं भरपूर! कराडला होतो तोवर मी ख्यालावर मतं द्यायचो. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आलो आणि तीच मतं जरा झटकून जॅझवर देऊ लागलो. कुणाला फरक कळला नाही. (माझी बायको मंजिरी म्हणते, कुणी ऐकतच नव्हतं.) डब्लिन तसं छान गाव आहे. रस्ते स्वच्छ, शाळा चांगल्या, माणसं हसून हात करतात आणि आपापल्या गराजमध्ये शिरून दार लावून घेतात. गावात नियमाने ऐकू येणारं एकमेव सुषिर वाद्य म्हणजे वाळकी पानं उडवायचं यंत्र. अशा गावात आमच्या चौदा वर्षांच्या इराने शाळेच्या जॅझ बँडमध्ये बॅरिटोन सॅक्सोफोन उचलला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

उचलला हा शब्द जपून वापरतोय. ते वाद्य तिच्या छातीपर्यंत येतं आणि त्याची पेटी दोघांनी धरावी लागते. पण त्याचा सगळ्यात खालचा सूर! तो कानाने नाही, पोटाने ऐकायचा असतो. मी तो एकदा ऐकला आणि जाहीर करून टाकलं, की हा खर्ज आहे आणि खर्जाची साधना पहाटे करायची असते.

"बाबा, इट्स जस्ट अ लो नोट."

"जस्ट नाही. पाया आहे तो. सकाळी सहाला."

तीन महिने रोज सकाळी सहाला आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणत होत्या. शेजारच्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं, तुमचा पाणी तापवायचा हीटर ठीक आहे ना.

मग बातमी आली. एका रविवारी दुपारी शहरातल्या स्टेडियममध्ये बेसबॉलच्या सामन्याआधी शाळेच्या जॅझ बँडने हिरवळीवर उभं राहून एक संथ ब्लूज वाजवायचा, आणि त्यात बारा मात्रांच्या नव्हे, तब्बल बारा आवर्तनांच्या ऐटीचा एक तुकडा इराने एकटीने वाजवायचा! (ती म्हणाली, "बारा बार्स, बाबा. डोन्ट मेक इट वीअर्ड.") त्या तुकड्याची सुरुवात त्याच खालच्या सुराने. बाकीचे सगळे गप्प, फक्त तो एक सूर. आजवर मागच्या रांगेत बसून भों भों करणाऱ्या पोरीला पहिल्यांदा हजारो माणसं ऐकणार होती. आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही. "तो सूर चुकला ना, तर मी लांब तिकडे चँडलरला मामाकडे मूव्ह होणार," असं तिने शांतपणे सांगितलं. मी तिला म्हणालो, तुझा बाप असताना तो सूर चुकेलच कसा.

त्याच रविवारी संकष्टी होती. आणि माझी आई कराडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती.

"आई, स्टेडियममध्ये बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत," मी म्हणालो.

"मग काय गवत खाऊ? तीन वाजता गोळी घ्यायची असते मला. उपाशीपोटी चालत नाही."

"तिथे मिळतं की काहीतरी."

"संकष्टीला?"

या एका शब्दाने वाद संपला. दाण्याचे लाडू तिने आदल्या संध्याकाळीच वळून ठेवले होते. पंचाईत अशी, की स्टेडियममध्ये पिशवी न्यायची तर ती आरपार दिसणारी लागते. त्यात लाडू दिसणार.

"दिसू देत की," आई म्हणाली. "चोरीचे आहेत का?"

आणि इथे माझं डोकं चाललं. बँडची वाद्यं ट्रकमधून वेगळ्या दाराने आत जाणार, ती कोण तपासतंय? वाद्यं उतरवायला मदत करणाऱ्या पालकांत मी माझं नाव सांगितलं होतंच. तेव्हा सकाळी लाडू कर्ण्यात ठेवायचे आणि आत पोचल्यावर गुपचूप काढून घ्यायचे. इरा सीरियल खात होती, मंजिरी आंघोळीला गेली होती. मी पंच्याच्या तुकड्यात लाडू बांधले, गाठोडं कर्ण्यात खोल सरकवलं आणि पेटी बंद केली. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की शाळेपर्यंत गाडीत शीळ घालत गेलो.

स्टेडियमच्या मागच्या दाराशी हातात यादी घेतलेली एक मुलगी उभी होती. मदतनीस पालकांना पिवळा बिल्ला लागतो आणि बिल्ल्यासाठी फॉर्म भरावा लागतो, असं तिने गोड आवाजात सांगितलं. मी नाव तोंडी सांगितलं होतं. आपल्याकडे तेवढं पुरतं. ट्रक आत गेला, लाडू आत गेले, मी बाहेर.

घाबरलो नाही. लगेच इराला मेसेज टाइप केला. आता टाइप करतोच आहे, तर म्हटलं जाता जाता चार कामाच्या गोष्टीही सांगाव्यात. पहिल्या परिच्छेदात खांदे सैल ठेवण्याबद्दल लिहिलं. दुसऱ्यात श्वास पोटातून घेण्याबद्दल. तिसऱ्यात ब्लूज आणि भैरवी यांच्यातल्या साम्याबद्दल. (हा जरा लांबला.) आणि सगळ्यात शेवटी, ता. क., कर्ण्यात आजीचे लाडू आहेत, वाजवण्याआधी काढ. मिनिटभरात तिचा अंगठा आला. माझा जीव भांड्यात पडला.

मंजिरी आणि आईबरोबर मुख्य दारावर गेलो, तर पहारेकऱ्याने आमची पिशवी पाहिली आणि आईची गोळ्यांची डबी उचलली. "औषध घ्यायचं आहे का यांना? मग सोबत थोडं खायला का नाही आणलंत? औषधासाठी चालतं, मॅडम."

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही, हवा छान आहे म्हणतोय," मी म्हणालो.

आत जाऊन बसलो आणि मला दुसरा धक्का बसला. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, जो तो शेंगा फोडून दाणे खात होता. पायाखाली टरफलांचा खच. सबंध स्टेडियम संकष्टी करत होतं! मी आईकडे बघायचं टाळलं.

आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ पेन्सिल आणि वही घेऊन बसले होते. सामन्याचा चेंडू न् चेंडू ते हाताने टिपून ठेवणार होते. असा माणूस दिसला की मला राहवत नाही. मी त्यांना बेसबॉलवरचं माझं मत ऐकवलं. क्रिकेट म्हणजे ठुमरी, बेसबॉल म्हणजे विलंबित ख्याल. बराच वेळ काही घडत नाही आणि जाणकार त्या न घडण्यावरच माना डोलावतात. ते सभ्य होते, ऐकून घेतलं.

मग बँड आला. इरा एवढीशी, वाद्य केवढं! त्यांनी सूर जुळवले ते मधल्या पट्टीत, तिथे सगळं ठीक होतं. ब्लूज सुरू झाला. ड्रम, पियानो, मग ट्रम्पेटवाली मुलं. बँडच्या सरांनी मूठ मिटली, सगळे थांबले. इरा एक पाऊल पुढे आली. तिने श्वास घेतला (पोटातून!) आणि फुंकर मारली.

भस्स.

उशीवर कुणीतरी धपकन बसावं तसा आवाज आला. इराने बोटांकडे पाहिलं, पुन्हा जोर लावला. पुन्हा भस्स. मोकळ्या शांततेत दोन बार, म्हणजे आठ मात्रा, वाहून गेल्या. मग तिने एकदम उडी मारली आणि थेट वरच्या सप्तकात शिरली, जिथे हवेला कर्ण्यापर्यंत जावंच लागत नाही. आधी सूर थरथरला, मग त्यात राग आला, आणि त्या रागात ती जे काही वाजवत सुटली ते तिने घरी कधीच वाजवलं नव्हतं.

म्हातारबाबा मागे वळले. "तो पहिला सूर कुठे गेला हो?"

"मुद्दाम गाळला तिने," मी म्हणालो. "फार वरच्या दर्जाची गोष्ट आहे ही. तिने षड्ज वर्ज्य केलाय." षड्ज कुठल्याच रागात वर्ज्य नसतो हे कराडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, पण ओहायोत कोण विचारतंय? म्हातारबाबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "काय रे, लाडू येतायत म्हणालास. कुठायत?"

मंजिरी माझ्याकडे हळूहळू वळली. "शिरीष, कुठे ठेवलेस लाडू?"

मी फोन काढून तो अंगठा पाहिला. मग वरचे मेसेज पाहिले. गेल्या तीन महिन्यांत मी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजखाली तोच अंगठा होता. माझ्या मुलीच्या भाषेत त्याचा अर्थ वाचलं असा नव्हता. आता पुरे, असा होता.

खाली तुकडा संपला, टाळ्या झाल्या आणि इरा कमरेत वाकली. वाद्यही वाकलं. आधी पंच्याचं टोक बाहेर आलं, मग गाठ सुटली, आणि दाण्याचे अकरा लाडू एकामागून एक हिरवळीवरून गडगडत थेट फलंदाजाच्या जागेकडे निघाले. पंच तिथे उभेच होते. त्यांनी एक लाडू उचलला, चेंडू कुठे खरचटलाय का ते पाहतात तसा बोटांत फिरवून पाहिला, हुंगला आणि कमरेच्या पिशवीत टाकला. मोठ्या पडद्यावर लाडू दिसला. लोक खिदळायला लागले.

"अगोबाई," आई म्हणाली, "आपले लाडू."

इराने मान वर करून बरोब्बर आमच्या रांगेकडे पाहिलं. मी टोपी नाकापर्यंत ओढली.

"टोपी काढ," मंजिरी म्हणाली. "आणि खाली जा."

मी गेलो. लाडू माझे आहेत म्हटल्यावर या वेळी कुणी बिल्ला मागितला नाही. इराचे डोळे भरले होते.

"बाबा, व्हाय वुड यू डू दॅट?"

"मी मेसेज केला होता."

"तो खांद्यांबद्दल होता."

"शेवटची ओळ वाचायची ना, बाळा."

"बाबा, तुमची शेवटची ओळ कुणीच वाचत नाही."

ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. तिने ते नुसतं सांगितलं. तीन महिने मी त्या सुराच्या मागे लागलो होतो आणि ऐन वेळी त्याच्या तोंडात मीच बोळा कोंबला होता. मला इतकी लाज वाटली की एकही मत सुचेना. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो. माझ्याकडून इतकं आखूड वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

सरांनी कर्णा पुसून घेतला, दाण्याचा कूट झटकला. तेवढ्यात स्टेडियमच्या एक बाई आल्या. लोक विचारतायत म्हणाल्या, सातव्या डावाच्या मधल्या सुट्टीत सगळे पाय मोकळे करायला उठतात, तेव्हा ही मुलगी तेवढा तुकडा परत वाजवेल का? इराने नाक पुसलं.

"हो," ती म्हणाली. "पण बाबा सॅक्सजवळ येणार नाहीत."

मी शपथेवर कबूल केलं आणि वर येऊन हात बांधून बसलो. सामना सुरू झाला. तिसऱ्या डावात पंचांचा जबडा जाळीच्या मुखवट्यामागे सावकाश हलताना मी स्वतः पाहिला. सातवा डाव जवळ येत चालला, तसा मी खुर्चीच्या कडेवर आलो. आणि तीन वाजले. आईने गोळी तळहातावर घेतली.

"लाडू तर गवतात गेले. आता काय खाऊ?"

"हे दाणे चालतील?"

"मीठ कसलं असतं त्याला?"

"साधं."

"साधं नको उपासाला. बिनमिठाचे बघ."

सुट्टीला अजून अवकाश होता, म्हणून मी धावलो. जवळच्या दुकानात खारे. पुढच्यात खारे. बिनमिठाचे पार पलीकडच्या टोकाला मिळतात असं कळलं. तिथे माझ्यापुढे एकच माणूस होता, पण त्याला पाच हॉट डॉग हवे होते आणि प्रत्येकावर वेगळी मोहरी. शेजारी हात वाळवायचं यंत्र घोंघावत होतं, मैदानातलं काही ऐकू येत नव्हतं. पुडी हातात पडली आणि आत लोकांचा असा गजर उठला, की मी उरलेले पैसे तिथेच टाकून पळालो.

धापा टाकत परत आलो. म्हातारबाबा उभे होते. "खुर्चीतून कळला मला तो सूर," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मंजिरी डोळे पुसत होती. त्यासाठी हात मोकळे हवेत म्हणून फोन तिने आईकडे दिला होता, पण सगळं रेकॉर्ड झालंय म्हणाली.

झालं आहे. सुरुवातीला आईच्या साडीचे काठ दिसतात, मग आईचं बोट. मग इराचा खर्ज सुरू होतो, खोल, स्थिर, कुठे म्हणून हललेला नाही, आणि नेमका त्याच्यावर आईचा आवाज येतो, "अगं मंजिरी, हा शिऱ्या कुठं कडमडला?"

ते रेकॉर्डिंग मी आजवर निदान दोनशे वेळा ऐकलंय. सूर अगदी जागच्या जागी लागलाय. प्रश्नही रास्त आहे.