एचएक्स, व्हीएक्स आणि दारावरची टकटक

कॉम्प्युटरच्या स्मृतीत जे एकदा जातं, ते काळाच्या पलीकडे जातं. हे वाक्य मी बंगलोरच्या एका हॉटेलच्या सभागृहात ऐकलं. व्यासपीठावर मखमली उशीवर नवा मदरबोर्ड ठेवला होता आणि त्याच्यापुढे समई लावली होती. वीज गेली की ही स्मृती कोरी होते, हे बोलणाऱ्या गृहस्थांना बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. वीज तर आमच्याकडे रोज जायची.

नव्वदच्या दशकाचा मध्य उलटून गेला होता. मी पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या एका लहान कंपनीत होतो आणि एचएसआर लेआउटमध्ये अण्णांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. अण्णा मूळचे बेळगावकडचे, निवृत्त. लेआउट तेव्हा नकाशावर पूर्ण आणि जमिनीवर रिकामा होता. प्लॉटांचे दगड, कमरेएवढं गवत आणि मधूनच एखादं घर. संध्याकाळी गवतातून कुणी चालत आल्यासारखं वाटायचं. कुणी आलेलं नसायचं.

अण्णांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. मी राहायला यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. त्यांची मुलगी अमेरिकेत. अक्का तिला पत्रं लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. शेवटची कॅसेट पाठवायची राहिली. त्या गेल्या त्या दिवशी ती डेकमध्येच सापडली. अण्णा ती रोज लावत. फीत झिजून आवाज घोगरा होत चालला होता, दोनदा ती डेकमध्ये गुंतलीही होती. फीत तुटायच्या आत अण्णांना ती मुलीकडे पोचवायची होती. समईवाल्याचं वाक्य मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं, पण त्यांनी ते गंमत म्हणून घेतलं नाही.

"मग हिला तुझ्या मशीनमध्ये घाल की."

तपासणीसाठी माझ्या खोलीत तेव्हा दोन मदरबोर्ड होते. एकावर एचएक्स चिपसेट, दुसऱ्यावर व्हीएक्स. चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला कारकून. हे दोघे जुळ्या भावांसारखे. फरक होता तो मेमरी सांभाळण्यात. व्हीएक्स नव्या जातीची जलद मेमरी घ्यायचा. एचएक्सला ती चालत नसे, पण तो पॅरिटी तपासायचा: दर आठ बिटांमागे, म्हणजे आठ शून्य-एकांमागे, एक नववा बिट साक्षीला, आणि साक्ष जुळली नाही तर मशीन जागीच बंद. व्हीएक्स साक्षीपुराव्याच्या भानगडीत पडत नसे. काही चुकलं तरी तो पुढे जायचा.

रविवारी दुपारी डेक वायरने मशीनला जोडून कॅसेट आधी व्हीएक्सवर भरली. आम्ही दोघं ऐकत बसलो. लोणच्याची बरणी, शेजारच्या प्लॉटवर निघालेला साप, आणि मग अक्का म्हणाल्या, "थंडीत डोक्याला बांधत जा बाळ. थांब हं, दारावर कोणीतरी आलंय." खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं. पुढे शेवटपर्यंत नुसती फीत. त्या परत बोलायला आल्याच नव्हत्या.

पण 'थांब हं'च्या जरा आधी दोन आवाज आले. टक, टक.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कॅसेटमध्ये नाही."

आम्ही कॅसेट लावून पाहिली. खरंच नव्हतं.

"मेमरीची चूक आहे अण्णा. एखादा बिट उलटला की स्पीकरमध्ये असाच आवाज येतो. व्हीएक्स तपासत नाही. एचएक्स तपासेल."

मेमरीच्या त्याच पट्ट्या, जुन्या जातीच्या, दोन्हींवर चालणाऱ्या, काढून एचएक्सवर बसवल्या. त्या पॅरिटीच्या म्हणूनच घेतल्या होत्या. तपासणी चालू केली आणि कॅसेट पुन्हा भरली. एचएक्स कुठेही थांबला नाही.

टक, टक. "थांब हं."

"आता?" अण्णा म्हणाले. "तुझा तपासणारा 'सरी, बरोबर आहे' म्हणतोय. म्हणजे कोणीतरी आलं होतं."

"इथे कोण येणार, अण्णा?"

"तेच विचारतोय की मी तुला, पुणेकर!"

खिडकीबाहेर गवत हलत होतं. मी खिडकी लावून घेतली, डासांसाठी.

सोमवारी ऑफिसात मी पट्टीवरच्या चिपांचे क्रमांक कॅटलॉगमध्ये शोधले. पॅरिटीची म्हणून बसवलेली चिप मेमरी नव्हतीच. ती काहीही लक्षात ठेवत नव्हती. समोर जे बिट येतील ते पाहून त्यांना जुळेल असं उत्तर जागच्या जागी बनवून द्यायची. साक्षीदाराच्या जागी कुणीतरी होयबा बसवला होता. बाजारात अशा पट्ट्या सर्रास असत. समईसमोर त्यांचा उल्लेख झाला नव्हता.

कंपनीतून खऱ्या पॅरिटीच्या पट्ट्या आणल्या. एचएक्सवर तिसऱ्यांदा कॅसेट भरली आणि यावेळी प्रत स्वच्छ निघाली. मला बरं वाटलं, अक्का बोलू लागेपर्यंत.

"थंडीत डोक्याला बांधत जा बाळ."

शांतता.

"थांब हं, दारावर कोणीतरी आलंय."

आधी नुसती कॅसेट ऐकताना या शांततेकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आता ती लख्ख ऐकू येत होती. त्या शांततेत काहीही वाजलं नव्हतं आणि अक्का उठून दाराकडे गेल्या होत्या.

अण्णांनी डेकमधून कॅसेट काढून हातात घेतली. मग म्हणाले, "कशाला उठली रे ती?"

"रेकॉर्डरच्या माइकला बारीक आवाज पकडता येत नसेल."

"नसेल," ते म्हणाले. ते माझ्यासाठी म्हणाले असावेत. "पोरीला पहिली पाठव. टकटकवाली."

"त्यात चूक आहे, अण्णा. ही शेवटची बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून तर नको. परदेशात एकटी राहते ती. आई कोणाचं तरी दार उघडायला गेली एवढं तिला ऐकू येऊ दे. ही ऐकली तर ती रोज माझ्यासारखी बसून राहील."

मी डिस्कवर ठेवलेली व्हीएक्सवाली प्रत काढली.

मुलीच्या कॉम्प्युटरला साउंड कार्ड नव्हतं, म्हणून ती परत कॅसेटवर भरून पाठवली.